टिपणीसकाकांचा शड्डू

टिपणीसकाका कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर येईल त्याच्यापुढे ते आपलं उजवं मनगट करतात आणि म्हणतात, "धरा."

नवखा माणूस गोंधळतो. नाडी बघायची असेल असं वाटून हळूच बोटं लावतो. "नाडी नव्हे हो! आवळून धरा, चोराला धरल्यासारखं." मग तो बिचारा आवळतो. पुढच्याच क्षणी काका कमरेत वळतात, कोपर वर काढतात, "आता ह्याचा अर्थ बघा" म्हणतात आणि त्याचा अंगठा पिरगळतात. अंगठा सुटला की विचारतात, "चहा घेणार?" फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसच्या ओळीत आलेले प्लंबर, कुरियरवाले आणि घरं दाखवणारे एजंट, सगळ्यांनी हे मनगट धरलेलं आहे. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी तर ते दक्षिणेच्या आधी धरलं, त्यामुळे दक्षिणा त्यांना डाव्या हाताने घ्यावी लागली. ते पुन्हा त्या घरी आले नाहीत.

माझा अंगठा आता सरावला आहे. टिपणीस आमचे शेजारी. दोन्ही घरांत मिळून एकच भिंत आहे आणि ती अमेरिकन असल्यामुळे पुठ्ठ्याची आहे. सकाळी भिंतीपलीकडून "हुं!" असा आवाज आला की काकांनी अदृश्य शत्रूला लोळवलं असं आम्ही समजतो. दुसऱ्यांदा "हुं!" आला की शत्रू उठला असं समजतो. तिसरा आवाज सुमनकाकूंचा असतो, "अहो, पुरे आता. त्या माणसालाही घरदार असेल."

काका मूळचे सांगलीकडचे. सरकारी खात्यात त्यांनी जन्मभर पूल बांधले. निवृत्त झाल्यावर एकुलत्या निरंजनने दोघांना इकडे बोलावून घेतलं. काकूंचं बस्तान झकास बसलं. वर्षभरात त्यांनी देवळातल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला, भिशी सुरू केली आणि पोळ्या लाटता लाटता अख्ख्या बे एरियातली लग्नं जमवायला घेतली. काकांचं मात्र काही जमेना. गाडी चालवता येत नाही. मुलगा आणि सून सकाळी फ्रीवेवर असतात आणि संध्याकाळी कॉलवर. नात ईशा गुणाची पोर आहे, पण "काय गं, शाळेत काय झालं आज?" या प्रश्नाला "नथिंग, आजोबा" एवढंच उत्तर येतं, आणि त्यापुढे संभाषण न्यायचं म्हणजे काकांनाच शाळेत जायला हवं.

ज्या माणसाने जन्मभर मुकादम आणि कंत्राटदार यांच्यावर आवाज चढवला, त्याला घरात आवाज चढवायला कुणी उरलं नाही. काही दिवस ते आमच्या ओळीतल्या गटारांचे उतार तपासत हिंडले आणि ते कसे चुकले आहेत हे भेटेल त्याला सांगत राहिले. पण उन्हाळाभर पावसाचा थेंब न पडणाऱ्या गावात गटारावर किती दिवस बोलणार?

अशात एकदा ते तळ्याकाठच्या पार्कात गेले आणि तिथे त्यांना चिनी म्हाताऱ्यांचा एक घोळका दिसला. सगळे पाण्यात उभे असल्यासारखे संथपणे हातपाय हलवत होते. पुढे होते मिस्टर वू. पंचाहत्तरीचे, सडपातळ, डोक्यावर कुठल्याशा बेसबॉल टीमची टोपी. शिकवायचे म्हणजे स्वतः करायचे आणि बाकीच्यांनी बघून करायचं. समजावून वगैरे सांगायची पद्धत नव्हती. काका मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. कुणी हाकललं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

हे म्हातारे करत होते त्याला तिकडे फॉर्म म्हणतात. हातांच्या आणि पावलांच्या हालचालींचा एक ठरलेला क्रम, काल्पनिक शत्रूशी केलेली मारामारी. म्हातारे तो सांध्यांसाठी, रक्तदाबासाठी आणि नंतरच्या गप्पांसाठी करत. मारामारीचं कुणाच्या मनातही नव्हतं. काकांनी मात्र तो मारामारीसाठीच करायला घेतला. "अर्थाशिवाय हात हलत नाही" हे त्यांचं ब्रीद झालं. फॉर्ममध्ये ढग बाजूला सारल्यासारखी एक हालचाल आहे. वूंना विचारलं असतं तर ते बहुधा म्हणाले असते की ढगच आहेत. काकांच्या मते तिथे डावीकडून एक ठोसा येतो, आणि तो अडवेपर्यंत उजवीकडून दुसरा गुंड येतो. काकूंनी फडताळातला वरचा डबा काढायला सांगितला की काका आधी त्या डब्याच्या नाकावर बुक्की मारायची कुठून ते सांगत, मग डबा काढत.

मला हे सगळं थोतांड वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

"काका, तुमचा हा शत्रू फारच समंजस दिसतो," मी म्हणायचो. "तुम्ही डावीकडे वळलात की तो डावीकडूनच येतो. तुमचा पाय वर जाईपर्यंत थांबतो. मार खाऊन झाला की दुसऱ्याला जागा करून देतो. असा एक तरी माणूस आमच्या ऑफिसात पाहिजे होता."

"अरे मिलिंद, पाढे म्हणजे गणित नव्हे, हे मलाही कळतं. पण पाढे पाठ नसतील तर गणित कशाने करशील?"

"पण तुम्ही तीन वर्षं नुसते पाढेच म्हणताय, काका. गणित कधी सोडवणार?"

"मग धर मनगट."

आमच्या सगळ्या तात्त्विक चर्चा अशा माझ्या अंगठ्यावर येऊन संपतात.

वू आणि काका यांची मैत्री हा आमच्या करमणुकीचा आणखी एक कार्यक्रम. वूंना इंग्रजीचे तीन शब्द येतात: 'गुड', 'नो गुड' आणि 'टुमारो'. काकांना इंग्रजी येतं, पण ते सरकारी. 'सँक्शन', 'एस्टिमेट' आणि 'डू द नीडफुल' यांच्या जोरावर गप्पा मारता येत नाहीत. तेव्हा काकांनी सरळ मराठी सुरू केलं. "इंग्रजी त्यालाही परकं, मलाही परकं," ते म्हणाले. "मग निदान एकाने तरी आपल्या भाषेत बोलावं की नाही?" वूंनाही हे पटलं असावं, कारण ते चिनीत बोलायला लागले.

फॉर्म संपला की दोघं बाकावर बसतात. एकदा मी धावता धावता मुद्दाम थांबून ऐकलं. काका सांगत होते, "कंत्राटदाराने सिमेंट खाल्लं हो, दुसरं काय! मी सांगत होतो, पण साहेब ऐकेल तर ना." वूंनी खिन्नपणे मान हलवली आणि एक लांबलचक वाक्य म्हटलं. "तेच तर!" काका म्हणाले. मग वूंनी खिशातून सोललेलं संत्रं काढून अर्धं काकांना दिलं. मी घरी येऊन हा प्रसंग बायकोला साभिनय करून दाखवला. पुढे पाहुण्यांसमोरही तो कैकदा केला. वूंची खिन्न मान मला चांगली जमते.

आता शड्डू.

फॉर्मच्या मध्यावर एक वळण आहे. तिथे डावा पाय गुडघ्यात मुडपून वर घ्यायचा, क्षणभर एका पायावर थांबायचं आणि मग मागे वळायचं. दोन हजार सहाच्या सुरुवातीला वू तिथे काहीतरी वेगळं करायला लागले. पाय उचलण्याआधी त्यांचा डावा हात झटकन मांडीवर यायचा. इतर कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण काकांनी पाहिलं, आणि ते धापा टाकत माझ्या दारात आले.

"मिलिंद, शड्डू! अरे, शड्डू आहे तो!"

आखाड्यात उतरताना पहिलवान मांडीवर थाप मारून समोरच्याला आव्हान देतो, तो शड्डू. काकांचं लहानपण तालमीच्या खिडकीला लटकण्यात गेलं. आईने आत पाऊल टाकू दिलं नाही. त्यामुळे कुस्तीतलं त्यांना शड्डूखेरीज काही येत नाही, पण शड्डू असा येतो की दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री भुंकायला लागतात. चिनी फॉर्ममध्ये शड्डू सापडल्यावर त्यांची गाडी कुणाला आवरेना. म्हणजे ही विद्या मूळची आपलीच! आपलाच एक भिक्षू हिमालय ओलांडून तिकडे गेला आणि त्याने ती चिन्यांना शिकवली.

"आणि त्या भिक्षूबरोबर सांगलीचा कुणीतरी असणार," ते म्हणाले.

"पासपोर्ट बघितलात का?" मी विचारलं. काकांनी मनगट पुढे केलं.

त्यानंतर त्यांनी शड्डूचा प्रचार सुरू केला. आधी मागच्या रांगेतल्या दोन आजीबाईंना मांडीवर थाप मारायला लावली, मग त्यांच्या मैत्रिणींना. शत्रूची लाथ येते, ती थापेने खाली दाबायची, असा अर्थ ते खाणाखुणा करून सांगत. चिनी आजीबाई हसायच्या, पण मारायच्या. दोन महिन्यांत निम्मा पार्क शड्डू ठोकायला लागला. तळ्यातली बदकं सुरुवातीला उडून जायची, पुढे तीही सरावली. गंमत अशी की ज्याने हे सगळं सुरू केलं त्यालाच ताल सापडत नव्हता. बाकीच्यांच्या थापा एकदम पडायच्या आणि काकांची सगळ्यांच्या मागून, एकटी, तोफेसारखी. मी जॉगिंग करता करता तेवढ्यासाठी थांबायचो.

त्या उन्हाळ्यात मिसेस चँग उगवल्या. या निवृत्त पीटी टीचर. शिस्तीची बाई. शरद ऋतूत गावात जत्रेसारखा फेस्टिव्हल असतो, त्यात आपला ग्रुप स्टेजवर फॉर्म सादर करणार असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. येताना त्यांनी एक डीव्हीडी आणली होती. त्यात दाखवला होता तो खरा, प्रमाणित फॉर्म. प्रत्येकाने हुबेहूब तसाच करायचा. ज्याला जमणार नाही त्याने पुढे खुर्चीवर बसून झेंडा हलवायचा. वूंना त्यांनी मानाने पहिल्या रांगेत मधोमध उभं केलं. आणि डीव्हीडीत थाप नव्हती, तेव्हा हुकूम सुटला, "नो स्लॅप."

काका पेटले. आपण बांधलेला पूल पडताना पाहूनही झाले नसते इतके हवालदिल झाले. जेवणावरचं लक्ष उडालं. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, निरंजनचा दहावीचा निकाल होता तेव्हासुद्धा हे इतके येरझारा घालत नव्हते. मांडीवर एक थाप मारायची की नाही, एवढ्यासाठी माणूस झुरतो का?" मलाही तेच वाटत होतं. पण काका रोज मिसेस चँगशी भांडायला जात. त्या इंग्रजीत भांडत, काका सरकारी इंग्रजीत. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, त्या थापेचा लढाईत काही उपयोग असेल तर दाखवा. उपयोग दिसला तर राहू दे, नाही तर बंद.

"दाखवतो," काका म्हणाले. "पब्लिकमध्ये दाखवतो."

पब्लिक म्हणजे अर्थातच आपलं महाराष्ट्र मंडळ. एका शाळेच्या कॅफेटेरियात गणेशोत्सव होता. लहान मुलांचा नाच आणि महाप्रसाद यांच्यामध्ये कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ घुसवली होती: 'चिनी युद्धकलेतील शड्डू, एक मराठी ठेवा. सप्रयोग व्याख्यान.' मिसेस चँग सगळा ग्रुप घेऊन आल्या. मंडळाने त्यांच्या छातीवर नावांचे स्टिकर लावले आणि हातात उकडीचे मोदक दिले. मोदक बघून चिनी आजीबाईंना इतकं घरच्यासारखं वाटलं की त्यांनी ते सोया सॉसबरोबर मिळतील का अशी चौकशी केली. वू टाय बांधून आले होते. त्यांना गाडीतून आणणारी त्यांची मुलगी ग्रेस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली.

काकांनी भिक्षूपासून सुरुवात केली. भिक्षू हिमालयात असतानाच प्रेक्षक घड्याळं बघायला लागले, तेव्हा सूत्रसंचालकाने त्याला भराभर चीनमध्ये पोचवलं आणि प्रात्यक्षिकाची घोषणा केली. प्रतिस्पर्धी म्हणून सौरभ पुढे आला. हा नागपूरचा, इथे एमएस करणारा, युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये कुस्तीसारखं काहीतरी शिकणारा. पोरगं अत्यंत सज्जन. फक्त त्याची मान आणि डोकं यांत फरक नव्हता.

"धरा," काका म्हणाले.

"कोणतं धरू, काका?"

"उजवं."

"आणि माझ्या दुसऱ्या हातानं काही करू का?"

"नाही, नाही! तो इथे नसतो."

"नसतो म्हणजे?" सौरभने आपल्या दुसऱ्या हाताकडे काळजीने पाहिलं. सभागृहात पहिला हशा पिकला.

सौरभने मनगट धरलं. काका कमरेत वळले. कोपर वर गेलं. "आता ह्याचा अर्थ बघा," ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी बघितला. काही झालं नाही. काका उलटे वळले. तरी काही झालं नाही. त्यांनी सौरभच्या हातासकट अर्धी प्रदक्षिणा घातली. सौरभ भिडस्तपणे त्यांच्याबरोबर फिरला, पण मनगट तिथल्या तिथे.

"काका, सोडून देऊ का?" त्याने हळूच विचारलं, पण माइकमुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "दुखून राहिलं का तुम्हाला?"

"लाथ मार," काका दातओठ खात म्हणाले. "शड्डूचा अर्थ लाथेशिवाय कळायचा नाही."

"अहो, असं कसं मारू?"

"मार म्हणतो ना!"

काकांनी शड्डू ठोकला. तो झाला मात्र अव्वल, आरतीच्या ताटातली निरांजनं थरथरली. लाथ त्यानंतर सवडीने आली. लाथ कसली, सौरभने दार लोटावं तसा पाय लावला. काका चार पावलं मागे गेले आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत, मिसेस चँग यांच्या पर्सवर जाऊन बसले. कॅफेटेरिया हास्याने दणाणला. मंडळाचे अध्यक्ष हसले, मुलं खुर्च्यांवर उभी राहिली, चिनी आजीबाई एकमेकींच्या अंगावर पडून डोळे पुसायला लागल्या. मी किती हसलो ते सांगत नाही. मिसेस चँगनी काकांच्या खालून पर्स ओढून काढली आणि शांतपणे म्हणाल्या, "नो स्लॅप."

अख्ख्या सभागृहात दोनच माणसं हसत नव्हती. एक वू. ते मांडीवर हात ठेवून खाली बघत बसले होते. दुसरी ग्रेस.

"तो शड्डू वगैरे काही नाही," ती मला इंग्रजीत हलक्या आवाजात म्हणाली. "तो माझ्या बाबांचा गुडघा आहे." हिवाळ्यापासून गुडघा अडकतो. पाय आपला आपण वर येत नाही, म्हणून ते पँट चिमटीत धरून हाताने तो उचलतात. डॉक्टरांनी काठी सांगितली आहे, पण घेत नाहीत. ज्या दिवशी कुणाच्या लक्षात येईल त्या दिवशी पार्कात जाणं बंद, असं त्यांनी तिला बजावून ठेवलं आहे. "प्लीज, डोन्ट टेल एनीवन," ती म्हणाली.

मी म्हटलं, छे, मी कशाला सांगतोय! पण टिपणीसकाका म्हणजे काही कुणी परके नव्हेत. इतकी वर्षं अंगठा पिरगळून घेतल्यावर एवढा एक आनंद माझ्या हक्काचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्याकडे गेलो. काकू देवळात गेल्या होत्या. काका गॅरेजमध्ये, घडीच्या खुर्चीत, कमरेला बाम चोळत बसले होते. मनगट पुढे आलं नाही.

"काका, शड्डूचा खरा अर्थ सापडला," मी म्हणालो.

"कुठे?"

"वूंच्या गुडघ्यात." आणि मी ग्रेसने सांगितलं ते सगळं, जमेल तेवढ्या चवीने, सांगून टाकलं. भिक्षू, हिमालय, सांगलीचा माणूस, सगळ्यांना एका गुडघ्यात गुंडाळलं. मग मी काकांचा चेहरा पडण्याची वाट बघत उभा राहिलो.

काकांनी बामच्या डबीचं झाकण लावलं. "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस."

माझाच चेहरा पडला असावा. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, मी पुलांचा माणूस. कुठला खांब भार घेत नाही ते मला लांबून कळतं. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग ते शड्डू, शड्डू काय चाललं होतं?"

"एकट्याने मांडीवर हात नेला तर ते लंगडणं दिसतं," काका म्हणाले. "सगळ्यांनी नेला की तो फॉर्म होतो." मग घाईघाईने पुढे म्हणाले, "बाकीचे सगळे अर्थ खरे आहेत हां! ढगाचा, मनगटाचा, सगळे. हा एकच मी बनवला."

"पण काका, काल केवढे हसले लोक तुम्हाला."

"हसू देत की. मला हसतात तेव्हा त्याच्या पायाकडे कोण बघतं?" ते उठायला गेले, कंबर दुखली, पुन्हा बसले. "पण आता ती बाई ऐकायची नाही. थाप गेली की पहिल्या रांगेत मधोमध त्याचा हात तेवढा दिसणार. मग त्याला खुर्चीत बसवून हातात झेंडा देतील. आणि तो खुर्चीत बसणारा माणूस नव्हे. तो यायचाच बंद होईल."

"होऊ दे ना काका, तुम्हाला काय..." मी म्हणून गेलो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले नाहीत.

"तो यायचा बंद झाला तर मी मराठीत कुणाशी बोलू?" ते म्हणाले.

मी मराठी आहे आणि भिंतीपलीकडेच राहतो, हे मला सांगता आलं असतं. पण माझा नऊचा कॉल होता. मी घरी आलो. त्या दिवशी कॉलवर कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

पार्कात पुढे जे झालं ते काकांच्या डोक्यातही आलं नव्हतं. सोमवारी मिसेस चँगनी डीव्हीडीप्रमाणे फॉर्म सुरू केला. वळण आलं, आणि मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंना पर्सवर बसलेले काका आठवले. त्यांनी गंमत म्हणून थाप मारली आणि हसल्या. शेजारणीने मारली. मग सगळ्यांनीच मारली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. वळण जवळ आलं की आधीपासूनच चेहऱ्यांवर हसू यायला लागायचं, सगळे काकांकडे बघायचे आणि थाप मारायचे. मिसेस चँग ओरडून ओरडून दमल्या. आठवड्याने त्यांनी हात टेकले. "ओके. वन स्लॅप," त्या म्हणाल्या, "बट टुगेदर!" आणि काकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यू! नॉट लेट!"

फेस्टिव्हलला मी गेलो. एका मोठ्या पार्किंग लॉटमध्ये लाकडी स्टेज उभारलं होतं. सगळ्यांनी पांढरे सदरे घातले होते. वू पहिल्या रांगेत मधोमध, आज टोपी नाही. काका बरोबर त्यांच्या मागे. मी कडेला उभा होतो, तिथून दोघंही दिसत होते. ढग सारून झाले. वळण आलं. सगळ्यांचे डावे हात मांड्यांवर पडले, एकच आवाज झाला. प्रेक्षकांना मजा वाटली, टाळ्या पडल्या.

फक्त काकांचा हात हवेतच होता. ते खाली वाकून वूंच्या पायाकडे बघत होते. वूंची बोटं पँटच्या कापडात रुतली. पाय हलला नाही. मग हळूहळू सुटला, वर आला आणि टिकला. वू वळले. तेव्हा कुठे काकांची थाप पडली, सगळ्यांच्या मागून, एकटी, तोफेसारखी. सगळा पार्किंग लॉट त्यांच्याकडे वळून हसला. मिसेस चँगनी डोळे वटारले. इतके महिने काकांना ताल सापडत नाही म्हणून मी थांबून थांबून बघत आलो होतो.

कार्यक्रम संपला. स्टेजला कठडा नसलेल्या लाकडी पायऱ्या होत्या. एक एक करून सगळे उतरले. वू वरच्या पायरीशी येऊन थांबले. एका स्वयंसेवक मुलीने मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी हसून मान हलवली आणि तिथेच उभे राहिले. खालून ग्रेस यायला निघाली. तिच्या आधी काका एक पायरी खाली जाऊन उभे राहिले, वर वळले आणि त्यांनी आपलं उजवं मनगट वूंच्या पुढे केलं.

"धरा," ते म्हणाले.

वूंनी धरलं. चोराला धरल्यासारखं, आवळून. मग एका पायरीवर काका, तिच्या वरच्या पायरीवर वू, असे दोघं सावकाश खाली उतरले. काका उतरता उतरता मराठीत काहीतरी सांगत होते आणि वू मान हलवत होते. कुणाचाही अंगठा पिरगळला गेला नाही.

"झालं ह्यांचं सुरू," माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आता त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा सोडत नाहीत!"